देज, काडीमोड आणि सातबारा

आदिवासी समाजातील स्त्री आपल्याकडील स्त्रीपेक्षा अधिक स्वतंत्र असते, ही समजूत आपल्या सुशिक्षित वर्गात बऱ्याच काळापासून रूढ आहे, आणि ती केवळ कल्पनेतून उपजलेली आहे असेही म्हणवत नाही. वारल्यांचे लग्न भटजी नव्हे तर धवलेरी ही स्त्री गाणी गाऊन लावते. सवाशिणी भिंतीवर चौक लिहितात. हुंड्याचे नाव नसते, उलट वरपक्षच वधूपित्याला देज देतो. आणि संसार न पटल्यास काडीमोड घेऊन दुसरे घर करण्यास, अथवा वैधव्यानंतर म्होतूर लावण्यास, स्त्रीला पांढरपेशा समाजातल्याइतकी लोकनिंदा सोसावी लागत नाही. यातील प्रत्येक गोष्ट खरी आहे. परंतु त्यावरून जो निष्कर्ष काढला जातो, तो मात्र साफ चुकीचा आहे. विवाहातील मोकळीक ही एक गोष्ट आणि मिळकतीतील हिस्सा ही दुसरी; पहिली असली म्हणजे दुसरी आपोआप पदरात पडते असे नाही.

देजाचेच घ्या. ती स्त्रीची विक्री होय, असा एक गैरसमज. आणि ती स्त्रीच्या प्रतिष्ठेची खूण होय, असा दुसरा. वस्तुतः मुलीच्या श्रमाला घर मुकते, त्या हानीची ती भरपाई. पण ही भरपाई मुलीच्या हाती न पडता बापाच्या हाती पडते, आणि ती नवऱ्याला सोडून गेली तर खर्चाची फेड बहुधा तिच्या नव्या नवऱ्याने करावयाची असते, म्हणजे तिची सुटकाही दुसऱ्याच्याच खिशावर अवलंबून. शिवाय या खर्चापायी ठाणे जिल्ह्यात केवढा अनर्थ झाला हे गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकाच्या वाचकांना सांगावयास नको: लग्नासाठी सावकाराचे कर्ज काढणारा वारली त्याच्या घरी ‘लग्नगडी’ म्हणून राबे, आणि त्याच्यामागून त्याची नवी नवरीही त्याच वेठीत जाई.

आता कायद्याकडे वळू. २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीचा हिस्सा मिळाला, महाराष्ट्राने तर तो १९९४ मध्येच दिला होता, हे आपण सारे जाणतो. तो हिस्सा आदिवासी मुलीलाही मिळाला असेल, असे गृहीत धरण्यात मात्र आपली चूक होते. १९५५ चा हिंदू विवाह कायदा आणि १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा, या दोहोंच्या दुसऱ्या कलमात असे पोटकलम आहे की, केंद्र सरकारने अधिसूचनेने अन्यथा फर्माविल्याखेरीज हा कायदा अनुसूचित जमातींना लागू होणार नाही. हेतू वाईट नव्हता. जमातींच्या चालीरीती वरून लादलेल्या कायद्याखाली चिरडल्या जाऊ नयेत, एवढीच तजवीज होती. परिणाम असा झाला की शेजारच्या कुणब्याच्या मुलीला जे कायद्याने मिळाले, ते कोकणा किंवा भिल्ल मुलीला रूढीने मिळेल तेवढेच मिळते.

यावरून आदिवासी स्त्रीला कोणताच कायदा नाही, असे समजणे हाही गैरसमजच. पोटगीचे कलम, कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा, बालविवाहास बंदी करणारा २००६ चा कायदा हे सर्वांसाठी आहेत. द्विभार्येच्या गुन्ह्याची गोष्ट निराळी. पत्नी उराँव आणि पती संताळ, अशा एका फिर्यादीत सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये ठरविले की हिंदू विवाह कायदा येथे लागू नसल्याने, दुसरे लग्न रद्दबातल ठरविणारी रूढी जमातीत आहे हे फिर्यादी पत्नीनेच सिद्ध केले पाहिजे. अलिखित गोष्ट कोर्टात पुराव्याने शाबीत करण्याचे ओझे असे तिच्याच शिरावर आले.

खरा पेच या ‘रूढी’तच आहे. ती सनातन, निःसंदिग्ध आणि सर्वत्र स्त्रीविरोधी असते, हे गृहीतकच तपासून पाहण्याजोगे आहे. मेघालयातील खासींत वडिलोपार्जित घर धाकट्या मुलीकडे जाते. म्हणून तेथे स्त्रियांचे राज्य आहे असे मात्र कोणी समजू नये, कारण मिळकतीच्या कारभारात मामाचा शब्द चाले आणि गावच्या दरबारात स्त्रियांना परंपरेने स्थान नव्हते. उलट छोटा नागपूरच्या १९०८ च्या कुळकायद्याने पुरुषपरंपरेचा वारसा लेखी मान्य केला. त्याला आव्हान देणाऱ्या मधू किश्वर खटल्यात, १९९६ साली, सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने ही तरतूद रद्द केली नाही. कुटुंबातील स्त्रीची उपजीविका जमिनीवर अवलंबून असेल तोवर पुरुष वारसांचा अनन्य हक्क स्थगित राहील, एवढीच सवलत दिली. न्यायमूर्ती रामस्वामी यांचे वेगळे मत याहून पुढे गेले होते.

जुन्या मध्यप्रांताच्या कायद्याचा आधार घेणारा २०२५ च्या जुलैमधील निर्णय म्हणूनच मोलाचा वाटतो. छत्तीसगढमधील एका गोंड स्त्रीच्या वारसांनी तिच्या बापाच्या मिळकतीत हिस्सा मागितला. खालच्या न्यायालयांनी ‘मुलींना वारसा देणारी रूढी सिद्ध करा’ असे म्हणून दावा फेटाळला. सर्वोच्च न्यायालयाने प्रश्नच उलटा केला: मुलींना वगळणारी रूढी तरी कोणी सिद्ध केली आहे? दोहोंचाही पुरावा नसेल तर न्याय, समता आणि सद्सद्विवेकबुद्धी यांना अनुसरून स्त्रीला समान हिस्सा मिळाला पाहिजे, असा निकाल झाला. याचा अर्थ उत्तराधिकार कायदा आदिवासींना लागू झाला असा कोणी काढू नये. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हिमाचल प्रदेशातील एका प्रकरणात, तो कायदा आदिवासी क्षेत्रातील मुलींना लावण्याचा उच्च न्यायालयाचा आदेश याच न्यायालयाने काढून टाकला.

मुलीला हिस्सा दिला तर तिच्या लग्नावाटे जमीन बिगर-आदिवासींकडे जाईल, ही भीती पुष्कळ कार्यकर्तेही बोलून दाखवितात. ती क्षुद्र मानता येत नाही. ठाण्याच्या जमिनी गेल्याच होत्या. पण त्या गेल्या सावकारांच्या दस्तांवर पुरुषांनी उठविलेल्या अंगठ्यांमुळे, मुलींच्या वारशामुळे नव्हे. शिवाय महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे कलम ३६ अ आदिवासी खातेदाराची जमीन पूर्वमंजुरीवाचून बिगर-आदिवासीला देऊ देत नाही, आणि खातेदार स्त्री असल्याने ते शिथिल होत नाही. लग्नाने जमातही बदलत नाही. संततीच्या जमातीचा प्रश्न उरतो, तो न्यायालये संगोपन पाहून ठरवितात.

प्रत्यक्षात हक्क बुडतो तो कोर्टाच्या फार अलीकडे, तलाठ्याच्या दप्तरात. बाप वारला की वारसनोंदीचा अर्ज जातो. भावांची नावे सातबाऱ्यावर खातेदारांच्या रकान्यात चढतात, बहिणींची गाळली जातात किंवा ‘इतर हक्कां’त ढकलली जातात, आणि एखाद्या हक्कसोडपत्रावर सही घेऊन फेरफार मंजूर होतो. फेरफाराने मालकी ठरत नाही हे कायद्याचे तत्त्व खरे. पण पीककर्ज, नुकसानभरपाई, अनुदान या साऱ्यांना उताराच लागतो.

२००६ च्या वनहक्क कायद्याने मात्र निराळी वाट धरली: विवाहितांचा दावा मंजूर झाला तर पट्टा पतिपत्नी दोघांच्या नावे होतो, आणि तो वारसाने जातो, विकता येत नाही. ज्या स्त्रीचे नाव आजवर एकाही सरकारी कागदावर नव्हते, तिचे नाव येथे नवऱ्याच्या बरोबरीने लागले. पण दोघांच्या पश्चात प्रत्यक्ष वारस कोण, हे त्या कायद्याने सांगितलेले नाही. आणि तेथे लेकीचे नाव लागावयाचे की नाही, हे पुन्हा गावच्या रूढीवर आणि ती रूढी लिहून घेणाऱ्या कारकुनावर येऊन ठेपते.