वाढता धंदा आणि अडकलेला पैसा

मुलगा धंदा काढतो म्हटलें कीं आमच्या सुशिक्षित घरांतून वडील मंडळींच्या कपाळीं अजूनही आठी पडते. आणि तोच धंदा चालूं लागला कीं, "आतां वाढव," म्हणून तींच माणसें त्याच्या पाठीस लागतात. वाढवावयाचें म्हणजे काय, हें सहसा कोणी विचारीत नाहीं.

गेल्या दिवाळींत आमचा एक जुना विद्यार्थी घरीं आला. मुरबाडच्या औद्योगिक वसाहतींत त्याची लहानशी यंत्रशाळा आहे. एका मोठ्या कारखान्यास तो लोखंडी सुटे भाग पुरवितो. त्या कारखान्यानें दुप्पट माल मागितला होता. नवीं यंत्रें घेण्यासाठीं वडिलोपार्जित भातशेत गहाण टाकण्याचा त्याचा बेत होता, पण शेतांत आईचाही हिस्सा. ती सही करीना. "गुरुजी, तुम्ही तिला समजावा. तुमचें ती ऐकेल."

आम्ही व्यापारी नव्हे. आमचें आयुष्य शब्दरूपें घोटवून घेण्यांत गेलें. परंतु कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत हिशेबाच्या आय, व्यय आणि नीवी अशा बाबी सांगितल्या आहेत. पैकीं आय आणि व्यय त्याच्या वहींत होते. नीवी, म्हणजे सर्व वजा जातां हातीं उरणारी शिल्लक, कोठेंच नव्हती. तेव्हां कागद घेऊन बसलों.

महिन्यास ४ लाखांचा माल जातो आणि पैसे तीन महिन्यांनीं येतात. म्हणजे १२ लाख सदैव बाहेर. माल दुप्पट झाला कीं २४ लाख बाहेर. शेंकडा १० नफा धरला तर महिन्यास ४० हजार अधिक मिळणार. पण तत्पूर्वीं लोखंड, वीज व मजुरी यांसाठीं पदरचे आणखी १० लाख ८० हजार घालावयाचे. तेवढेच भरून येण्यास २७ महिने! यंत्रांचें कर्ज आणि त्याचें व्याज निराळें. शिवाय आषाढांत भाताच्या आवणीस त्याचे निम्मे कामगार गांवीं जातात, हें त्यानें धरलेंच नव्हतें.

"अरे, मग पैसे लवकर माग," आम्ही म्हणालों. २००६ च्या कायद्याप्रमाणें सूक्ष्म व लहान उद्योगांचे पैसे, करार कांहींही असो, ४५ दिवसांच्या आंत दिलेच पाहिजेत. न दिल्यास रिझर्व्ह बँकेच्या दराच्या तिप्पट दरानें, दरमहा चक्रवाढ व्याज. १ एप्रिल २०२४ पासून तर अशी थकविलेली रक्कम प्राप्तिकरासाठीं खर्चांत धरावयाची झाल्यास ती प्रत्यक्ष दिल्या वर्षींच धरतां येते. तो हंसला. "गुरुजी, गिऱ्हाईक एकच आहे. नोटीस धाडली तर उद्यां माल कोणाला देऊं?"

खरें दुखणें येथें होतें.

लक्ष्मणराव किर्लोस्करांस बेळगांवची जागा सोडावी लागली, तेव्हां औंधच्या राजेसाहेबांनीं त्यांस १० हजार रुपये बिनव्याजी आणि कुंडल रोड स्टेशनाजवळचा ओसाड माळ दिला. १९१० मध्यें तेथें किर्लोस्करवाडी वसूं लागली. लोकांस त्यांतला निवडुंग तेवढा आठवतो. आम्हांस आगगाडी महत्त्वाची वाटते. नांगर घेणारे शेतकरी गांवोगांव पसरलेले होते, आणि माल त्यांजपर्यंत नेणारी गाडी दाराशीं होती. एकानें पाठ फिरविली म्हणून कारखाना बंद पडला नसता.

मुरबाडास आगगाडी नाहीं. शेजारच्या शहापूर तालुक्यास मात्र आसनगांव, आटगांव, खर्डी हीं स्टेशनें आहेत, मुंबई-आग्रा रस्ता आहे, आणि समृद्धी महामार्गाचा इगतपुरी-आमणे हा अखेरचा ७६ किलोमीटरांचा टप्पाही ५ जून २०२५ रोजीं खुला होऊन त्याच तालुक्यांतून गेला आहे. गिऱ्हाईक तिकडे शोधावें, जागा मात्र इतक्यांत घेऊं नये, असें आमचें मत पडलें.

त्यानें कारखान्यास पावपटच अधिक माल कबूल केला. उरलेली मागणी दुसऱ्यानें नेली; हा तोटा झालाच, आणि त्याबद्दल तो आम्हांवर थोडा नाराजही होता. हल्लीं आठवड्यांतून एक दिवस पिशवींत नमुने घालून तो आसनगांवकडे हिंडतो. एक नवें गिऱ्हाईक मिळालें आहे. लहान आहे, पण महिन्याच्या आंत पैसे देतें. आईनें सही केलेली नाहीं, आणि आम्हींही तिला तसें सांगितलेलें नाहीं.