एका मुलाला एक मोठा माणूस

मंडळी, आजचा विषय तसा छोटा आहे. एका मोठ्या माणसानं एका मुलाला आठवड्यातला एक तास द्यायचा आणि वर्षभर देत राहायचा. शिकवणी नाही, पैशाची मदतही नाही. मग करायचं तरी काय, असं आपण विचाराल.

आपल्याकडचंच उदाहरण घेऊ. मुंबईत चर्नी रोडच्या बागेत शाळेनंतर एक मुलगा वाचत बसे. विल्सन हायस्कूलचे शिक्षक कृष्णराव अर्जुन केळुसकर तिथं येत. मुलगा त्यांच्या शाळेचा नव्हे, एल्फिन्स्टनचा. तरी त्यांनी चौकशी केली, पुस्तकं द्यायला लागले. १९०७ साली तो मॅट्रिक झाला, तेव्हा स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्याला भेट दिलं. पुढे कॉलेजच्या खर्चाची अडचण आली, तर त्याला सयाजीराव महाराजांकडे घेऊन गेले. महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. तो मुलगा म्हणजे भीमराव आंबेडकर.

गुरुजींनी हिरा ओळखला, असं म्हणतात. आम्हाला ते फारसं पटत नाही. बाकावरच्या मुलाचं पुढं काय होणार, हे कुणाला कळतं? त्यांनी चौकशी केली आणि ती मध्येच सोडली नाही, एवढंच आम्हाला दिसतं. ॲरिस्टॉटलनं नीतिशास्त्राच्या दहा भागांपैकी दोन मैत्रीला दिलेत. स्नेहाला वेळ लागतो, सहवास लागतो, असं तो म्हणतो.

हे आम्ही वर्गात चाळीस वर्षं शिकवलं, पण कळलं चुकल्यावर. निवृत्तीनंतर नववीतल्या एका मुलाबरोबर दर रविवारी बसायचं ठरवलं. दोन महिने बसलो. मग व्याख्यानं, लग्नसराई. तीन रविवार चुकले. चौथ्या रविवारी गेलो तर तो नदीवर गेलेला. त्याची आई म्हणाली, "सर, पहिले दोन रविवार तो दारातच बसून होता." ग्रॉसमन आणि ऱ्होड्स या अमेरिकी अभ्यासक बाईंनी २००२ साली हेच दाखवलं: नातं वर्षभर टिकलं तर मुलाला सर्वांत जास्त लाभ होतो, आणि पहिल्या काही महिन्यांतच तुटलं तर त्याचा स्वतःवरचा विश्वास उलट घटतो. म्हणजे जमणार नसेल, तर सुरूच करू नये.

आता आपल्या राहू बेटात अडचण वेगळी. ऊसतोडीला आलेल्यांची, गुऱ्हाळावरच्या कामगारांची मुलं हंगामापुरती इथं असतात. मग त्यांना वगळायचं का? आम्ही म्हणतो, नाही. पण हंगाम संपला की भेटी थांबतील, हे पहिल्याच दिवशी मुलाला सांगावं, आणि गावी गेल्यावर कोणत्या वारी फोन करायचा तेही ठरवावं. भेटायचं ते शाळेच्या ओट्यावर, देवळाच्या पारावर, चारचौघांना दिसेल असं. आईबापांना आणि शिक्षकांना माहीत असलंच पाहिजे. यात लाजण्यासारखं काही नाही.

आमचा तो मुलगा पुन्हा बोलायला लागला, पण सहा महिने गेले त्यात. अजूनही शनिवारी रात्री फोन करतो, "सर, उद्या नक्की ना?"