कोळसा वणीचा, मुख्यालय नागपूरला

यवतमाळ जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, वर्धा नदीच्या खोऱ्यात, वणी तालुका वसलेला आहे. तेथील काळ्या कसदार जमिनीखाली दगडी कोळशाचे थर आहेत. उकणी, निलजई, मुंगोली, कोलारपिंपरी ही गावे आज कपाशीइतकीच खाणींच्या नावाने ओळखली जातात. या खाणी चालविणाऱ्या वेस्टर्न कोलफिल्ड्स लिमिटेडचे, म्हणजे लोकांच्या तोंडी रुळलेल्या 'वेकोलि'चे, मुख्यालय मात्र नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये आहे. कोळसा येथला आणि कचेरी तेथे, असे का, हा प्रश्न सहज मनात येतो.

त्याचे उत्तर कंपनीच्या जन्मकाळात सापडते. १९७३ साली बिगर-कोकिंग कोळशाच्या खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले. १९७५ च्या नोव्हेंबरमध्ये कोल इंडिया ही मूळ कंपनी कलकत्त्यास स्थापन झाली आणि तिची पश्चिमेकडील उपकंपनी म्हणून वेकोलि अस्तित्वात आली. तिच्याकडे आलेल्या खाणी एका ठिकाणी नव्हत्या. छिंदवाडा जिल्ह्यातील पेंच व कन्हान, बैतूलमधील पाथाखेडा, नागपूरनजीकचे कामठी व उमरेड आणि दक्षिणेस चंद्रपूर-वणी असा हा विस्तार होता. शिवाय पूर्वेकडे थेट कोरबापर्यंतचा मुलूख. नकाशावर ही क्षेत्रे पाहिली म्हणजे नागपूरचे मध्यवर्ती स्थान ध्यानात येते.

मुख्यालयात कोळसा खणला जात नाही, ही गोष्ट अनेकदा विसरली जाते. तेथे खाणींचे आराखडे तयार होतात, यंत्रसामग्रीची खरेदी ठरते, वेतनाचे करार होतात आणि दावे लढविले जातात. कोळसा वाहून नेण्यासाठी रेल्वेच्या वाघिणी मिळविणे हे तर नित्याचेच काम. नागपूर हे मुंबई-हावडा व दिल्ली-मद्रास या लोहमार्गांचे मीलनस्थान. मध्य रेल्वे आणि तत्कालीन दक्षिण-पूर्व रेल्वे या दोहोंची विभागीय कार्यालये तेथे होती. १९५६ पर्यंत राजधानी असलेल्या या शहरात उच्च न्यायालयाचे खंडपीठ होते. मँगनीज ओअर इंडिया ही सार्वजनिक क्षेत्रातील खाण कंपनीही १९६२ पासून तेथेच होती. वणीला रेल्वे होती. यवतमाळ शहराला तर केवळ मूर्तिजापूरकडे जाणारी नॅरोगेज गाडी होती.

जिल्ह्याच्या इतिहासात असाच एक प्रसंग पूर्वीही घडला आहे, हे येथे नमूद करावेसे वाटते. इंग्रजी अमदानीत हा जिल्हा 'वणी जिल्हा' याच नावाने ओळखला जाई, परंतु त्याचे मुख्य ठिकाण यवतमाळ होते. १९०५ साली पुसदचा भाग जोडला गेला आणि जिल्ह्याचे नावही यवतमाळ झाले. नाव एका गावाचे, कारभार दुसऱ्या गावी, अशी स्थिती वणीने तेव्हाच अनुभवली होती.

मुख्यालयाची जागा कायमची योग्य ठरते असेही नाही. पसारा वाढल्यावर १९८५ मध्ये कोरबा व आसपासची पूर्वेकडील क्षेत्रे वेकोलिपासून वेगळी करण्यात आली आणि त्यांच्यासाठी साउथ ईस्टर्न कोलफिल्ड्स ही नवी कंपनी बिलासपूरला स्थापन झाली. कंपनीचे विभाजन झाल्याने तेथील खाणींना मुख्यालय जवळ आले. वणीच्या बाबतीत तशी गरज भासली नाही, मात्र क्षेत्रीय कार्यालये निघाली. त्यांतही गंमत अशी की, वणी क्षेत्राचे कार्यालय चंद्रपूर जिल्ह्यातील ताडाळीस उभे राहिले. वणी उत्तर क्षेत्राचे तेवढे तालुक्यातच, भालर वसाहतीत आले.

ज्याची जमीन खाणीत जाणार आहे, त्याच्या दृष्टीने हे अंतर कागदोपत्री नसते. कोळसा धारक क्षेत्र अधिनियम, १९५७ अन्वये संपादनाच्या इराद्याची अधिसूचना केंद्र सरकारच्या राजपत्रात प्रसिद्ध होते. जमिनीचा नकाशा कोठे पाहावयास मिळेल, हे तीत दिलेले असते: यवतमाळचे जिल्हाधिकारी कार्यालय, कोलकाता येथील कोळसा नियंत्रक आणि नागपूरचे वेकोलि कार्यालय. हरकतीसाठी मुदत तीस दिवसांची. वणीहून यवतमाळ शंभर किलोमीटरच्या वर आणि नागपूर त्याहूनही दूर. पेरणी किंवा वेचणीच्या दिवसांत अधिसूचना निघाली तर सातबाराचा उतारा घेऊन दोन खेपा करण्यातच निम्मा महिना जातो. अशा नकाशाची एक प्रत तहसील कार्यालयात वा निदान भालरला ठेवण्यास फारसा खर्च येणार नाही, असे आम्हांस वाटते.

पैशाच्या बाबतीत मात्र २०१५ च्या कायदादुरुस्तीने वेगळी दिशा दिली आहे. खाणबाधित जिल्ह्यांत जिल्हा खनिज प्रतिष्ठान स्थापन करण्याची तरतूद तीत झाली. जुन्या खाणपट्ट्यांसाठी स्वामित्वधनाच्या तीस टक्क्यांइतकी जादा रक्कम या प्रतिष्ठानाकडे भरावी लागते. ही रक्कम कंपनीचे मुख्यालय कोठे आहे यावरून ठरत नाही. खाण ज्या जिल्ह्यात, निधी त्या जिल्ह्याचा. बाधित गावांतील पिण्याचे पाणी, आरोग्य व शिक्षण ही कामे त्यातून अग्रक्रमाने घ्यावयाची आहेत. धुळीने माखलेल्या रस्त्यांवरील गावांनी आपल्या ग्रामसभेत ठराव करून या कामांची मागणी जिल्हाधिकारी कार्यालयाकडे नोंदवावी. त्यासाठी नागपूरला जाण्याचे कारण नाही.