भग्न कमानी कोणाच्या, माणसं कोणाची?
सतराव्या शतकातल्या इटलीत भग्न कमानी, तडे गेलेले खांब आणि त्यांच्या सावलीत विसावलेली साधी माणसं यांची चित्रं भरपूर रंगवली गेली. त्यांवर सही क्वचितच सापडते. शिवाय एकाच चित्रावर बऱ्याचदा दोघांचा हात असतो: वास्तू एकाची, माणसं दुसऱ्याची.

विव्हियानो कोदात्सी (मृत्यू १६७०) हा या प्रकारातला मला सर्वांत भक्कम वाटणारा चित्रकार. नेपल्समध्ये त्याच्या वास्तूंत माणसं भरली दोमेनिको गार्जूलोने. तिथल्या १६४७च्या उठावानंतर कोदात्सी रोमला गेला आणि मिकेलांजेलो चेर्क्वोत्सीबरोबर काम करू लागला. त्याच उठावाचं या दोघांनी केलेलं चित्र रोमच्या स्पादा संग्रहालयात आहे.

म्हणून चित्रकार ठरवताना वास्तू आणि माणसं वेगवेगळी तपासावी लागतात. कोदात्सीची इमारत पडकी असली, तरी एके काळी खरोखर उभी असेल असं पटतं. प्रकाश आणि सावली ठाम असतात. माणसं सहसा तयार वास्तूवर नंतर रंगवलेली असतात. तैलरंग काळाने पारदर्शक होतो, आणि एखाद्याच्या अंगरख्यातून मागच्या दगडांचे सांधे दिसू लागतात. यावरून क्रम कळतो. हात दुसऱ्याचाच होता हे मात्र सिद्ध होत नाही. त्यासाठी चेहरे, हातांची ठेवण, कपड्यांच्या चुण्या त्या चित्रकाराच्या खात्रीच्या कामांशी ताडून पाहाव्या लागतात.

कोदात्सीचा मुलगा निक्कोलोही वडिलांच्याच वळणाने रंगवायचा, त्यामुळे गुंता वाढतो. पुराव्याविना चिकटवलेल्या मोठ्या नावापेक्षा ‘कोदात्सीच्या वर्तुळातील चित्रकार’ ही पाटी अधिक प्रामाणिक आहे.