जिभेला न कळणारे मीठ

आमटीत मीठ जास्त पडले म्हणून अनुभवी गृहिणी गोंधळून जात नाही. ती थोडी शिजलेली डाळ आणि आधणाचे पाणी वाढवते, दोन आमसुले टाकते, गुळाचा खडा सोडते आणि वरून हिंग-जिऱ्याची फोडणी देते. पानावर आलेल्या आमटीत काही बिघडले होते, हे जेवणाऱ्यांच्या लक्षातही येत नाही. या कृतीत दोन वेगळ्या गोष्टी घडलेल्या असतात. डाळीने व पाण्याने खारटपणा खरोखर सौम्य होतो. आमसूल, गूळ आणि फोडणी यांमुळे मात्र मीठ तेवढेच राहते, फक्त जिभेला ते कमी जाणवते. पहिली दुरुस्ती आहे, दुसरा मुखवटा आहे. खाद्यपदार्थांचे व दंतमंजनांचे कारखाने हेच दोन मार्ग मोठ्या प्रमाणावर वापरतात. त्यांतील भेद ओळखणे ग्राहकाच्या आणि व्यापाऱ्याच्याही हिताचे आहे.

खाण्याच्या मिठात सुमारे ३९ टक्के सोडियम असते. प्रौढ व्यक्तीने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजेच २ ग्रॅमपेक्षा कमी सोडियम घ्यावे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. रक्तदाबाचा विकार जडला की डॉक्टर प्रथम मिठावर बोट ठेवतात. मग घरात कमी सोडियमचे मीठ येते. त्यात सोडियम क्लोराईडचा काही भाग काढून त्या जागी पोटॅशियम क्लोराईड घातलेले असते. त्याचा उपयोग निर्विवाद आहे. चीनच्या ग्रामीण भागातील ६०० गावांत सुमारे २१ हजार लोकांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. ७५ टक्के सोडियम व २५ टक्के पोटॅशियम क्लोराईड असलेले मीठ वापरणाऱ्यांत पक्षाघाताचे प्रमाण १४ टक्क्यांनी कमी आढळले.

अडचण चवीची आहे. पोटॅशियम क्लोराईड खारट लागते, पण मागाहून जिभेवर कडवट, धातूसारखी चव रेंगाळते. शिवाय साधे मीठ केवळ खारटपणा देत नाही, ते इतर पदार्थांतील कडूपणाही दाबते. कारल्याला मीठ चोळण्यामागे पाणी सोडवण्याबरोबर हाही लाभ असतो. मीठ कमी केले की दाबलेला कडूपणा वर येतो आणि त्यात पोटॅशियमच्या कडवटपणाची भर पडते.

ही चव झाकण्याचे उपाय अनेक आहेत. लिंबू, चिंच, आमचूर यांच्या आंबटपणाने खारटपणा उठून दिसतो, त्यामुळे कमी मिठात भागते. किंचित साखर कडवटपणा बोथट करते. फरसाण किंवा वेफर्सवर अगदी बारीक मीठ भुरभुरले तर ते जिभेवर चटकन विरघळते व थोडेच मीठ पुरेसे वाटते. चौथा उपाय ग्लुटामेटचा. १९०८ साली जपानी शास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी समुद्री शेवाळाच्या कढणातून ही चव ओळखली. मोनोसोडियम ग्लुटामेटमध्ये सोडियम सुमारे १२ टक्केच असल्याने ते बेताने वापरल्यास एकूण सोडियम घटू शकते. येथे जैन कुटुंबांनी एक बाब ध्यानात ठेवावी. ग्लुटामेटच्या जोडीला येणारा ६३१ क्रमांकाचा घटक मांस वा मासळीपासूनही तयार होतो आणि वनस्पतिजन्य पिठाच्या किण्वनानेही. म्हणून हिरवे चिन्ह पाहिल्याशिवाय असे पाकीट घरात आणू नये, आणि दुकानातही ठेवू नये.

दंतमंजनाची गोष्ट थोडी निराळी आहे. दातांच्या ठणक्यावर दिल्या जाणाऱ्या काही पेस्टमध्ये ५ टक्के पोटॅशियम नायट्रेट असते, तर हिरड्यांसाठीच्या काही पेस्टमध्ये निम्म्याहून अधिक खाण्याचा सोडा असतो. दोन्ही खारट. चव नकोशी वाटली की माणूस चार दिवसांत पेस्ट टाकून देतो आणि ठणका तसाच राहतो. म्हणून त्यात पुदिन्याचा अर्क व मेंथॉलचा गारवा असतो, दात न किडवणारे सॅकरिन आणि सॉर्बिटॉल असते. मेंथॉल खारटपणा नाहीसा करत नाही, गारव्याच्या जाणिवेने लक्ष दुसरीकडे वळवते. येथील मुखवटा वापरणाऱ्याच्या हिताचा आहे, कारण पेस्ट थुंकून टाकली जाते. अन्न मात्र पोटात जाते.

म्हणूनच अन्नाच्या बाबतीत जिभेचा निर्वाळा पुरेसा नाही. पापडखार, खाण्याचा सोडा यांतही सोडियम असते. एक ग्रॅम सोड्यात सुमारे २७ टक्के. बिस्किटे, पाव, ढोकळा खारट लागत नाहीत, तरी सोडियम पोटात जातेच. पाकिटावर दर १०० ग्रॅममागे सोडियमचा आकडा मिलिग्रॅममध्ये छापणे बंधनकारक आहे. त्याला अडीचने गुणले की मिठाचे प्रमाण मिळते. समजा, आकडा ८०० असेल, तर १०० ग्रॅममध्ये २ ग्रॅम मीठ. म्हणजे दिवसाच्या मर्यादेचे दोन पंचमांश एका पाकिटात संपले.

सर्वांत गंभीर मुद्दा पोटॅशियमचा. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना, तसेच रक्तदाबाची काही औषधे घेणाऱ्यांना कमी सोडियमचे मीठ अपायकारक ठरू शकते. रक्तात पोटॅशियम वाढले तर हृदयाचे ठोके बिघडतात. एकत्र कुटुंबात मिठाचा डबा एकच असतो. एका सदस्यासाठी आणलेले मीठ सर्वांच्या ताटात जाते. पूर्वी कडवटपणा निदान सावध तरी करत असे, आता तोही झाकला गेला आहे. म्हणून हे मीठ घरात आणण्यापूर्वी प्रत्येक सदस्याचा आजार ध्यानात घ्यावा आणि डॉक्टरांना विचारावे. दुकानदाराने ‘आरोग्याचे मीठ’ म्हणून ते पुढे करताना एवढे एक वाक्य अवश्य सांगावे: मूत्रपिंडाचा त्रास असल्यास हे घेऊ नका. या वाक्याने एखादी विक्री बुडेल, पण गिऱ्हाईक टिकेल.

चव झाकण्याला आणखी एक पर्याय आहे, तो म्हणजे चव बदलणे. मीठ हळूहळू कमी केले तर दोन-तीन महिन्यांत जिभेला तेवढेच पुरेसे वाटू लागते आणि जुनी आमटी खारट लागते. रसपरित्यागाच्या तपात मीठ सोडणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. अळणी भाकरीतही धान्याचा स्वतःचा गोडवा त्यांना सापडतो. अशा जिभेला मुखवट्याची गरज फारशी उरत नाही.