थायरॉईडचा कागद कसा वाचावा

मंडळी, आम्ही वैद्य नव्हे, कामगार चळवळीतली माणसे. परंतु कामगाराच्या हाती नोटीस येते तसा प्रयोगशाळेचा कागदही येतो, आणि दोन्ही न समजल्याने सारखेच नुकसान होते.

गळ्यातील थायरॉईड ग्रंथी आयोडीन घेऊन टी-४ आणि टी-३ ही संप्रेरके बनवते. शरीराचा वेग त्यांवर चालतो. ग्रंथीने किती माल काढावा, हे मेंदूच्या तळाशी असलेली पिट्यूटरी ठरवते. तिचा हुकूम म्हणजे टीएसएच.

आमच्या भाषेत सांगायचे तर पिट्यूटरी हा मुकादम आणि थायरॉईड ही कामकरी. माल कमी पडला की मुकादम ओरडतो, जास्त झाला की गप्प बसतो. म्हणून टीएसएच वाढलेला असेल तर बहुधा थायरॉईड मंदावलेली असते. पुष्कळ लोक नेमके उलटे समजतात.

आता दोन आकडे एकत्र पाहू. टीएसएच वर आणि टी-४ खाली, तर मांद्य उघड आहे. टीएसएच थोडा वर, पण टी-४ ठीक, तर कामकरी ओरडा खाऊन माल पुरा करते आहे. बहुधा काही काळाने फेरतपासणी करतात. टीएसएच अगदी खाली आणि टी-४ वर, तर ग्रंथी जादा राबते आहे. टी-४ खाली असूनही टीएसएच वाढत नाही, तर मुकादमच झोपला असण्याचा संभव. मग पिट्यूटरी तपासावी लागते.

प्रौढांचा टीएसएच साधारणपणे ०.४ ते ४ असतो. प्रयोगशाळेगणिक मर्यादा थोडी बदलते, गरोदरपणी वेगळी असते. टी-४ अर्धे सरायला सुमारे ७ दिवस लागतात. म्हणून गोळीचे प्रमाण बदलल्यावर ६ ते ८ आठवड्यांनी तपासावे, आठवड्यात नव्हे. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर आधी सांगा. त्याने आकडे फसवे येऊ शकतात.

मुंबईत परळला, गिरणगावात, १९६३ साली अणुऊर्जा खात्याचे रेडिएशन मेडिसिन सेंटर सुरू झाले. ग्रंथी किती आयोडीन ओढते, हे किरणोत्सारी आयोडीन देऊन मोजता येते. ती तपासणी आजही काही प्रसंगी करतात, पण बहुतेकांचे काम थोड्या रक्तावर भागते.

नारायण पेठेतील एका छापखान्यात बांधणी खात्यातल्या बाईंवर 'पेंगते, हात चालत नाही' असा ठपका आला होता. रक्त तपासले तेव्हा दोष वृत्तीत नव्हता, ग्रंथीत होता. औषधाने काही महिन्यांत हात पूर्ववत चालू लागला, आणि ठपकाही मागे घ्यावा लागला.

प्रत्येक सुस्ती थायरॉईडची नसते, हे खरे. परंतु थंडी सोसवत नाही, वजन वाढते, पोट साफ होत नाही, पाळी बिघडते, आणि त्यात थकवा आहे, अशा माणसाला कामचुकार म्हणण्यापूर्वी डॉक्टरकडे पाठवावे. गोळी मात्र कागद पाहून स्वतः सुरू करू नये, बंदही करू नये. कागद समजून घ्यावा, तो डॉक्टरला नीट प्रश्न विचारण्यासाठी.