शाईत राखाडी नसतो

उपयोजित कलेच्या पहिल्या वर्षाला येणाऱ्या बहुतेकांनी शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएट दिलेली असते. वस्तुचित्र, निसर्गचित्र, संकल्पचित्र, सगळं करून झालेलं. त्यामुळे ड्रॉइंगच्या तासाला पहिलं काम पेन्सिलला टोक काढण्याचं मिळालं, तेव्हा वर्गात खसखस पिकली. शार्पनर चालत नाही. ब्लेडने लाकूड लांब तासायचं, शिसं बोटाच्या पेराएवढं उघडं करायचं आणि पॉलिश पेपरवर फिरवत घासायचं. हे टोक उभं धरलं की केसासारखी रेघ येते, आडवं टाकलं की रुंद पट्टा उमटतो. शार्पनरच्या आखूड टोकाला नीट आडवं पडताच येत नाही.

ग्राफाइटच्या भुकटीत माती कालवून ती भाजायची युक्ती कोंते नावाच्या फ्रेंच माणसाने १७९५ मध्ये काढली. माती वाढवली की पेन्सिल एचकडे सरकते, ग्राफाइट वाढवलं की बीकडे. पण एकट्या ४बीतसुद्धा धुरकट करड्यापासून गडद काळ्यापर्यंत सगळं असतं, ते फक्त हाताच्या दाबातून बाहेर काढायचं. पेन्सिलची सारी मजा यातच आहे आणि आळसही यातच. छाया नीट दिसली नसेल तरी बोटाने जरा चोळलं की काहीतरी मऊ, बरं दिसणारं तयार होतं. आमच्या मॅडमना या चोळण्याचा भयंकर राग. ‘पावडर लावू नकोस, बघ आधी!’ म्हणायच्या.

बघायला आम्ही जेजेच्या आवारातून क्रॉफर्ड मार्केटला जायचो. १८६९ मध्ये बांधून झालेल्या या मंडईच्या प्रवेशद्वारावर शेतकऱ्यांची उठावशिल्पं आहेत. ती लॉकवूड किपलिंग यांची. ते जेजेतच शिकवायचे, म्हणजे आमच्या आधीच्या कैक पिढ्यांचे सर! ही शिल्पं रेखाटताना लक्षात येतं की दगडाला बाह्यरेषा नसतेच. सावली संपते तिथे खांदा सुरू होतो. एक डोळा मिटायचा, हात ताठ करून पेन्सिलीवर अंगठ्याने माप घ्यायचं, आणि फळांच्या पाट्या वाहणाऱ्यांच्या वाटेत न येता हे सगळं उरकायचं.

मग वर्गात येऊन त्याच रेखाटनावर शाई. इथे खरी गाठ पडते. टाकाच्या नव्या निबला तेलकट लेप असतो. तो पुसून काढला नाही तर शाई निबवर थेंबाथेंबाने आक्रसते, खाली उतरत नाही. ड्रॉइंगच्या शाईत काजळी असते आणि वॉटरप्रूफ असेल तर लाखही, म्हणून निब मधूनमधून धुतली नाही की चीर बुजते. रेघ आपल्याकडे ओढायची. वर ढकललीत तर निबची दोन टोकं कागदात रुततात, तंतू उचकटतो आणि शिंतोडे उडतात.

एवढं जमलं तरी पंचाईत उरतेच, कारण शाईत राखाडी नसतो. कितीही हलका हात ठेवा, रेघ बारीक होईल, फिकी होणार नाही. राखाडी करायचा तर दोन रेघांमधल्या पांढऱ्या जागेतून. म्हणजे लक्ष रेघेवर नव्हे, फटीवर ठेवायचं. समांतर रेघांवर दुसरा थर द्यायचा तो काटकोनात नाही. काटकोनात दिला की दगडाऐवजी डासांची जाळी दिसू लागते. थोडा तिरका कोन घेतला की पृष्ठभाग वळतो. पहिला थर वाळायच्या आत दुसरा चढवला की रेघा छेदतात तिथे शाईचे ठिपके साचतात, म्हणून मधल्या वेळात चहा.

मारिओ मिरांडा यांनी कलाशिक्षणाची पदवी घेतली नव्हती, पण हा हिशेब त्यांच्याइतका क्वचितच कुणाला कळला असेल. त्यांच्या गोव्याच्या चित्रांत कौलं, फरशा, शर्टाच्या चौकटी, बाईच्या झग्याची नक्षी हे नुसते बारकावे नाहीत, ते राखाडीचे वेगवेगळे भाव आहेत. डोळे किलकिले करून बघितलं की गर्दी नाहीशी होते आणि गडद-फिक्याचे तुकडे तेवढे उरतात.

आज टॅबलेटवर एक पट्टी सरकवली की हवा तो करडा मिळतो. मग डिझाइनच्या मुलांनी टाक कशाला धरायचा? छापखान्यातल्या लाइन ब्लॉकला काळं किंवा कोरं एवढंच कळायचं. रबरी शिक्क्याला आणि पिशवीवरच्या एकरंगी छपाईला आजही तेवढंच कळतं. बोधचिन्ह शेवटी अशाच ठिकाणी जाऊन पडतं.

म्हणून आमच्याकडे शाईचं चित्र सबमिशनच्या आधी कॉलेजबाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडे जायचं, निम्म्या आकारात कॉपी काढायला. वर्गात मखमली वाटणारी जाळी तिथे सरळ गिचका होऊन बाहेर यायची. झेरॉक्सवालाच सांगायचा, ‘इथे भरलंय बघ.’ त्या जागी पुढच्या कागदावर फट दुप्पट सोडायची.